हॉस्पिटलमधला पाळक: अमेरिकेत ‘बोर्ड सर्टिफाइड चॅपलेन’ कसं होतात

चर्चच्या मंडळीचा पाळक आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा दोघांची जुनी ओळख असते. त्याच पाळकाने त्या घरातल्या मुलांचे बाप्तिस्मे केलेले असतात, लग्नं लावलेली असतात, भावाभावांतली भांडणं मिटवलेली असतात. पाळकसाहेब खाटेशेजारी बसतात, तेविसावं स्तोत्र वाचतात, प्रार्थना करतात आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. एखादा शब्द वावगा गेलाच, तर इतक्या वर्षांचं नातं तो पोटात घालतं.

हॉस्पिटलच्या चॅपलेनपाशी असं नातं नसतं. चॅपलेन म्हणजे हॉस्पिटल, हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा), तुरुंग, लष्कर अशा चर्चबाहेरच्या ठिकाणी नेमलेला आध्यात्मिक सेवक. रात्री दोन वाजता आयसीयूतून फोन येतो आणि तो अशा कुटुंबासमोर जाऊन उभा राहतो, ज्याने त्याला आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं. कुटुंब कॅथलिक असेल, मुस्लिम असेल, ज्यू असेल, देव न मानणारं असेल. त्यांनी त्याला निवडलेलं नाही. नकार द्यायचं त्राणही त्या घडीला त्यांच्यात नसतं. चॅपलेनची तयारी आणि पारख इतकी कडक का ठेवली आहे, ते इथूनच कळतं. माझ्या मते तिचा पहिला हेतू चॅपलेनची प्रतिष्ठा वाढवणं हा नाहीच. खाटेवरच्या असहाय माणसाला चांगल्या मनाच्या पण अप्रशिक्षित माणसापासून वाचवणं, हा तिचा हेतू आहे.

हा सगळा मार्ग अमेरिकेत जितका नीट बांधला गेला आहे तितका फार थोड्या देशांत असेल, म्हणून इथे तिथलीच पद्धत सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. चॅपलेनच्या हातात तीन वेगवेगळे कागद असतात आणि ते तीन वेगवेगळ्या दारांतून येतात. पहिला ईश्वरविज्ञानाच्या पदवीचा, तो सेमिनरी (धर्मसेवक घडवणारी संस्था) किंवा विद्यापीठ देतं. दुसरा त्याच्या स्वतःच्या चर्चचा किंवा धर्मसंस्थेचा, ‘हा आमचा माणूस आहे, त्याने ही सेवा करायला आमची संमती आहे’ असं सांगणारा. त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. तिसरा व्यावसायिक प्रमाणपत्राचा, आणि तो देतात चॅपलेन लोकांच्या राष्ट्रीय संघटना. त्यातली सर्वांत मोठी असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅपलेन्स, म्हणजे एपीसी. दोन जुन्या संघटना एकत्र येऊन १९९८ मध्ये ती उभी राहिली. कॅथलिकांची स्वतंत्र संघटना १९६५ पासून आहे, ज्यू चॅपलेनांचीही वेगळी आहे. २००४ मध्ये या आणि अशाच इतर संघटनांनी बसून एक समान निकष ठरवले, त्यामुळे कुठूनही प्रमाणपत्र घेतलं तरी मापदंड साधारण तोच राहतो.

डॉक्टर किंवा नर्सला जसं राज्य सरकारचं लायसन्स लागतं तसं चॅपलेनला लागत नाही. कायदा त्याला अडवत नाही. अडवतं ते हॉस्पिटल. नोकरीच्या जाहिरातीत ‘बोर्ड सर्टिफाइड, किंवा ठरावीक मुदतीत होण्यास पात्र’ अशी अट असते. हॉस्पिसच्या बाबतीत तर केंद्र सरकारच्या मेडिकेअर या आरोग्यविमा योजनेचा नियमच आहे की रुग्णाची काळजी ठरवणाऱ्या गटात डॉक्टर, नर्स आणि सोशल वर्करच्या बरोबरीने पाळकीय किंवा अन्य समुपदेशक असलाच पाहिजे. मात्र तो बोर्ड सर्टिफाइड हवा, असं तो नियम म्हणत नाही. ही जागा संघटनांचे निकष आणि हॉस्पिटलांचा आग्रह भरून काढतात.

वेड्यांच्या इस्पितळातून सुरू झालेली शाळा

या प्रशिक्षणाचं मूळ एका रुग्णाच्या अनुभवात आहे. अँटन बॉइसन हा धर्मसेवक १९२० मध्ये मानसिक आजाराने कोसळला आणि त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. आतून त्याने जे पाहिलं ते त्याला विसरता आलं नाही. आजूबाजूचे लोक पाप, अपराध, देवाचा कोप, जगाचा अंत असल्या प्रश्नांत बुडालेले होते. वैद्यकीय बाजूला या प्रश्नांत रस नव्हता आणि उपासना घ्यायला येणाऱ्या पाळकांना या आजारांची समज नव्हती. म्हणजे ज्या माणसाचं दुखणं श्रद्धेच्या भाषेत बोलत होतं त्याचं ऐकणारं तिथे कोणीच नव्हतं.

बरा झाल्यावर बॉइसनने अभ्यास केला आणि १९२४ मध्ये त्याच राज्यातल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात तो चॅपलेन म्हणून रुजू झाला. १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने ईश्वरविज्ञानाच्या मोजक्या विद्यार्थ्यांना तिथे बोलावलं. विद्यार्थी दिवसभर वॉर्डात अटेंडंटची कामं करायचे आणि उरलेल्या वेळात त्याच्याबरोबर बसून रुग्णांविषयी चर्चा करायचे. पुस्तकं जशी वाचतो तशी ही ‘जिवंत मानवी दस्तऐवजं’ वाचायला शिका, असं त्याचं सांगणं होतं. बोस्टनचा नामांकित डॉक्टर रिचर्ड कॅबट हाही त्याच सुमाराला म्हणत होता की वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसारखं धर्मसेवेच्या विद्यार्थ्यांनीही एक वर्ष रुग्णांमध्ये काढलं पाहिजे. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. बॉइसनला रुग्णाच्या मनाचा शोध घ्यायचा होता, तर कॅबटला सेवकाच्या हाताला कसब आणायचं होतं. आजच्या प्रशिक्षणात दोन्ही धागे दिसतात.

या प्रशिक्षणाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, थोडक्यात सीपीई म्हणतात. चार वेगवेगळ्या संस्था एकत्र येऊन १९६७ मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना झाली. सीपीईची केंद्रं आणि तिथले शिक्षक आजही मुख्यतः तीच प्रमाणित करते.

सीपीईत नेमकं काय करतात

सीपीईचं माप युनिटमध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे किमान ४०० तास. त्यातले १०० च्या आसपास तास गटचर्चा, वर्ग आणि शिक्षकाबरोबरच्या एकास एक बैठका यांत जातात, बाकीचे थेट रुग्णांबरोबर. कोणी उन्हाळ्यात दहा-बारा आठवडे पूर्ण वेळ देऊन एक युनिट उरकतं, कोणी नोकरी सांभाळत पाच-सहा महिन्यांत. ज्यांना हाच पेशा करायचा आहे ते हॉस्पिटलात वर्षभराची रेसिडेन्सी घेतात. तिच्यात विद्यावेतन मिळतं आणि तीन किंवा चार युनिटं होतात. रात्रपाळीची ऑन-कॉल ड्युटी सगळ्यांच्याच वाट्याला येते.

गट लहान असतो, साधारण पाच-सहा जणांचा, आणि मुद्दाम मिश्र. बॅप्टिस्ट तरुणासमोर कॅथलिक नन, तिच्या शेजारी रॅबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू होऊ पाहणारी विद्यार्थिनी, पलीकडे बौद्ध. परीक्षा नाही, पाठांतर नाही. शिक्षणाचं मुख्य हत्यार एकच आहे: व्हर्बेटिम.

रुग्णाची भेट संपली की विद्यार्थी आठवेल तितकं संभाषण शब्दशः लिहून काढतो. रुग्णाचं नाव-गाव गाळतो आणि दोन्ही बाजूंच्या वाक्यांना क्रमांक देतो. मधली शांतता, नजर, हातांची हालचालही कंसात नोंदवतो. ही रीत १९३० च्या दशकात बोस्टनमधल्या हॉस्पिटलात रसेल डिक्स या चॅपलेनने रुळवली. ती कशी असते ते कळावं म्हणून एक नमुना रचून देतो. रुग्ण ६८ वर्षांचा निवृत्त ट्रकचालक, मधुमेहामुळे दुसऱ्या दिवशी त्याचा पाय कापायचा आहे. ‘रु.’ म्हणजे रुग्ण, ‘वि.’ म्हणजे विद्यार्थी.

रु. १: उद्या सकाळी नेणार आहेत. गुडघ्याच्या खाली.
वि. १: इथले सर्जन फार चांगले आहेत.
रु. २: हो, सगळे तेच सांगतात. (खिडकीकडे पाहतो.) बायकोच्या वेळचे डॉक्टरही चांगलेच होते.
वि. २: देवाची प्रत्येकासाठी योजना असते. आपण प्रार्थना करू या का?
रु. ३: करा. तुमचं कामच आहे ते.

हा कागद गटात वाचला जातो. एक जण विद्यार्थ्याची वाक्यं वाचतो, दुसरा रुग्णाची. आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस अस्वस्थ होतो, आणि ते अस्वस्थ होणं शिक्षणाला हवंच असतं. मग चर्चा सुरू होते. ‘रु. २’ मध्ये रुग्णाने अख्खं दार उघडलं होतं. बायको वारली, तेव्हाही डॉक्टर चांगले होते आणि तरीही ती वाचली नाही; उद्या मीही वाचणार नाही, अशी भीती तो बोलून दाखवत होता. विद्यार्थी ते दार ओलांडून थेट देवाच्या योजनेवर पोचला. ‘रु. ३’ हे रुग्णाचं उत्तर आहे. तो रागावलेला नाही, त्याने फक्त बोलणं मिटवून टाकलं आहे.

चांगला शिक्षक इथे ‘तू चुकलास’ म्हणत नाही. तो विचारतो, “बायकोचं नाव निघालं त्या क्षणी तुला काय झालं?” विद्यार्थी आधी काहीतरी पुस्तकी उत्तर देतो. पुन्हा विचारलं की गप्प होतो. मग कदाचित सांगतो की त्याची आई अशाच खोलीत गेली आणि घरात तो विषय कोणी काढत नाही. आता वि. २ चा अर्थ कळतो. त्या क्षणी प्रार्थनेची गरज रुग्णाला नव्हती, विद्यार्थ्याला होती, आणि तीही त्या खोलीतून मनाने बाहेर पडण्यासाठी.

प्रार्थना वाईट असं कोणी म्हणत नाही. त्याच रुग्णाबरोबर दहा मिनिटांनी, त्याच्या बायकोविषयी ऐकून घेतल्यावर, तिचं नाव घेऊन केलेली प्रार्थना त्याला रात्रभर पुरली असती. प्रार्थना कोणासाठी आहे आणि ती आत्ताच का सुचली, हे करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. हे एकदा वाचून येत नाही. अशा कितीतरी व्हर्बेटिम लिहून, वाचून, त्यांवर अपमान गिळून हळूहळू येतं. म्हणून बोर्डाची, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संघटनेच्या मंडळाची, मागणी एका युनिटवर थांबत नाही. तिला चार युनिटं लागतात, म्हणजे किमान १,६०० तास.

बोर्डापुढे जाताना

बोर्ड सर्टिफिकेशनसाठी पदव्युत्तर पातळीवर ७२ क्रेडिटचं ईश्वरविज्ञान किंवा समकक्ष शिक्षण लागतं. ते बहुतेकांचं तीन वर्षांच्या एम. डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) पदवीतून पूर्ण होतं. पदवी परदेशातली असेल तर तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यावर सीपीईची चार युनिटं, आपल्या धर्मसंस्थेची एन्डॉर्समेंट आणि प्रशिक्षणाबाहेर चॅपलेन म्हणून केलेल्या २,००० तासांच्या कामाचा दाखला. पूर्ण वेळ नोकरीत हे तास साधारण वर्षभरात भरतात. सगळं एकामागून एक सुरळीत झालं तरी पहिल्या पदवीनंतर पाच वर्षं धरून चालावं. एवढी पात्रता नसणाऱ्यांसाठी ‘असोसिएट’ दर्जाचं प्रमाणपत्र असतं. त्याला क्रेडिट आणि युनिटं दोन्ही कमी लागतात.

कागदपत्रं जुळली की लिखाण सुरू होतं, आणि अर्जदार खरे दमतात ते इथे. एक आत्मचरित्रात्मक निबंध, स्वतःच्या दोन व्हर्बेटिम, आणि बोर्डाने ठरवलेल्या प्रत्येक क्षमतेवर स्वतःच्या कामातलं उदाहरण देऊन लिहिलेला मजकूर. अशा क्षमता तिसेक आहेत. त्यांचे चार गट असे: सिद्धान्त आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड, व्यावसायिक ओळख आणि वर्तन, खाटेजवळची कौशल्यं, आणि संस्थेत काम करण्याची ताकद. शेवटच्या गटाकडे पाळकाच्या पार्श्वभूमीचे लोक दुर्लक्ष करतात असं मला वाटतं. रुग्णाच्या नोंदीत चॅपलेनने काय लिहावं, नैतिक पेच आला तर डॉक्टरांच्या बैठकीत काय बोलावं, अनेक मृत्यू पाहिलेल्या नर्सला कसा आधार द्यावा, हे सगळं त्यात येतं. नोंदीत ‘प्रार्थना केली’ एवढंच लिहिणारा चॅपलेन बाकीच्या चमूच्या काहीच उपयोगाचा नसतो. ‘रुग्णाला पत्नीच्या मृत्यूची आठवण छळते आहे, शस्त्रक्रियेआधी मुलीला भेटायची इच्छा आहे’ असं लिहिलं तर सकाळच्या नर्सला मुलीला फोन करता येतो.

शेवटी मुलाखत. समोर असतात आधीच प्रमाणित झालेले काही चॅपलेन. त्यांनी सगळं लिखाण वाचलेलं असतं आणि प्रश्न त्यातूनच काढतात. बायबलची वचनं ते विचारत नाहीत. ‘तुमच्या दुसऱ्या व्हर्बेटिममध्ये मुलगी रडू लागल्यावर तुम्ही विषय का बदललात?’ असं काहीतरी विचारतात. लिहिताना स्वतःला फार गुळगुळीत दाखवलेला उमेदवार इथे अडखळतो, आणि आपली उणीव ओळखून ती नेमकेपणाने मांडणारा तरतो. नकार येऊ शकतो. कोणत्या क्षमता कमी पडल्या ते कळवलं जातं आणि पुन्हा अर्ज करता येतो.

आपली श्रद्धा बाहेर ठेवायची का

मंडळीतल्या लोकांना हा सगळा प्रकार ऐकून एक शंका येते, आणि ती रास्त आहे. सगळ्या धर्मांच्या लोकांना सेवा द्यायची तर मग ख्रिस्ती सेवक ख्रिस्ती राहिला कुठे?

इथे एन्डॉर्समेंटचं महत्त्व कळतं. बोर्ड स्वतः कोणाला धर्म देत नाही. उलट ते म्हणतं की तुम्ही कुठल्यातरी परंपरेत घट्ट उभे आहात हे तुमच्याच लोकांनी लिहून द्यावं. ती संमती चर्चने काढून घेतली तर प्रमाणपत्रही टिकत नाही. म्हणजे मुळं हवीतच. व्यवसायाची आचारसंहिता बंदी घालते ती रुग्णावर आपलं मत लादण्याला. खाटेवरच्या माणसाला धर्मांतराची गोष्ट सांगणं हा तिथे गंभीर दोष आहे. मला हा नियम ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधात अजिबात वाटत नाही. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेतल्या जखमी माणसाला आधी त्याचा धर्म विचारला नव्हता.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते आपल्याच माणसांकडे पाहून कळेल. सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेल्या आजी तिथल्या हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत आहेत असं समजा. घरच्यांना तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचं आहे, उशाशी दिवा लावायचा आहे. खोलीत ऑक्सिजन चालू, त्यामुळे ज्योत पेटवता येत नाही. रुग्णाला गिळता येत नाही, त्यामुळे नर्स पाणी द्यायला घाबरते. ख्रिस्ती चॅपलेन इथे विधी करत नाही, तो त्याचा अधिकारच नाही. तो नर्सशी बोलून ओठांना लावण्यापुरत्या थेंबांची परवानगी मिळवतो, बॅटरीचा दिवा आणतो, जवळच्या मंदिरात फोन करतो आणि मुलगा विष्णुसहस्रनाम म्हणत असताना दाराशी उभा राहून कोणी मध्ये येणार नाही हे पाहतो. हे त्याचं काम आहे आणि त्यासाठी त्याला स्वतःचा येशू सोडावा लागत नाही.

आता हिंदू, मुस्लिम, बौद्ध आणि मानवतावादी चॅपलेनही या मार्गाने येतात. त्यांची अडचण एन्डॉर्समेंटचीच असते, कारण त्यांच्याकडे बिशप किंवा सिनड (चर्चची धर्मसभा) यांच्यासारखं संमतीपत्र देणारं एक केंद्र नाही. लष्कराची व्यवस्था वेगळी असली तरी प्रश्न तोच. २०११ मध्ये प्रतिमा धर्म अमेरिकी लष्करातल्या पहिल्या हिंदू चॅपलेन झाल्या तेव्हा त्यांना संमती देणारी संस्था चिन्मय मिशन वेस्ट होती.

इकडे महाराष्ट्रात

मिशन हॉस्पिटलांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल १८९४ चं. भारतात सीपीईच्या धर्तीवर प्रशिक्षण घ्यायचं तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं नाव आधी घ्यावं लागतं. पण आपल्या मंडळ्यांतल्या बहुतेक पाळकांना आजाऱ्याच्या भेटीचं असं शिक्षण मिळत नाही, ही मला खरी उणीव वाटते. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर येतं. तरुण मुलाच्या मृत्यूनंतर तासाभरात आईने ते ऐकलं की तिचं रडणंच अविश्वास ठरतं. त्यासाठी अमेरिकेचं प्रमाणपत्र लागत नाही. पाच-सहा पाळकांनी महिन्यातून एकदा जमून, नावं गाळून, एकेका भेटीची शब्दशः नोंद वाचली तरी पुष्कळ बदलेल. त्या बैठकीतलं बाहेर जाणार नाही एवढा विश्वास मात्र आधी हवा.

पुण्यातल्या सेमिनरीतून शिकून अमेरिकेत ही वाट धरू इच्छिणाऱ्यांनी क्रम नीट ठरवावा. आधी आपल्या चर्चच्या वरिष्ठांना लेखी विचारावं की चॅपलेन सेवेसाठी एन्डॉर्समेंट कोण देतं आणि तिथल्या कोणत्या संस्थेमार्फत. बरेच जण हे शेवटी विचारतात आणि सगळी युनिटं होऊनही अडकतात. मग पदवीचं मूल्यमापन, आणि त्यानंतर एकच युनिट. पहिल्या युनिटच्या अर्जातही आयुष्याचा आढावा आणि एका मदतीच्या प्रसंगाचं वर्णन लिहावं लागतं. ते दुसऱ्याकडून इंग्रजी ‘सुधारून’ घेऊ नये, कारण मुलाखत त्यावरच होते. एका युनिटनंतर पुष्कळांना कळतं की हे काम आपलं नाही, आणि ते समाधानाने मंडळीच्या सेवेत परततात, आधीपेक्षा चांगले पाळक होऊन.

जे पुढे जातात त्यांचं प्रमाणपत्रही कायमचं नसतं. दर वर्षी ५० तासांचं पुढचं शिक्षण, दर पाच वर्षांनी सहकारी चॅपलेनांसमोर आपल्या कामाचा आढावा, आणि चर्चची संमती चालू असल्याचा पुरावा. यातलं काही चुकलं तर नावापुढचं ‘बोर्ड सर्टिफाइड’ काढावं लागतं.